पहिला हात

त्याचा कुणी अपमान केला की तो उलट बोलायचा नाही. खांद्यावरचा पंचा काढायचा, त्याचं एक टोक चिमटीत धरायचा आणि तिथं सावकाश गाठ मारायचा. गाठ नीट बसली का ते ओढून बघायचा. मग पंचा पुन्हा खांद्यावर टाकून समोरच्याला म्हणायचा, "ध्यानात हाय."

पुढं तो विषय बंद. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तो तंबाखू मळून द्यायचा, घरच्यांची चौकशी करायचा. ज्याला गाठीचं माहीत नव्हतं त्याला वाटायचं, गडी मनाचा मोठा आहे, विसरून गेला. आम्हाला माहीत होतं. आम्ही पंच्याकडे बघायचो.

'जाऊ द्या हो' म्हणून सगळं सोडून देणारी माणसं तुम्हालाही भेटली असतील. लोक त्यांचं कौतुक करतात. मला त्यांचा कधी भरवसा वाटला नाही. ज्याला लागलेलं आठवत नाही त्याला केलेलं तरी काय आठवणार? मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी बार्शीकडून पोटासाठी आलेला, स्टोअरमध्ये कारकून. तो चिंचवड गावठाणातला, पिढीजात शेतकरी, पण बॉयलरवर कामाला लागलेला. तो मला राव म्हणायचा, मीही त्याला राव म्हणायचो. तेवढ्यावर आमचं सगळं भागलं.

त्याच्या सुडाला माप असायचं. ज्या मापानं आलं त्याच मापानं परत, जास्त नाही की कमी नाही. कँटीनवाला चहात पाणी घालायचा आणि यानं विचारलं तर "तुमच्या गावाकडं तरी कुठं चहा पितात," असं म्हणाला. लगेच गाठ. चार महिन्यांनी कँटीनवाल्याकडे सत्यनारायण होता आणि त्याला घरचं म्हशीचं दूध हवं होतं. यानं चरवी भरून दूध दिलं, निम्मं पाणी घालून. "त्याच्याच हातचं माप घेतलंय," असं म्हणून त्यानं गाठ सोडली.

मुंबईहून आलेला एक फोरमन त्याला बॉयलरपाशी सगळ्यांसमोर अडाणी म्हणाला होता. पाच महिन्यांनी त्या फोरमनला रावेतला कुणाकडे जेवायला जायचं होतं आणि त्यानं वाट विचारायला नेमका यालाच गाठला. "नदीतनं जवळ पडतंय सायेब, घोट्याएवढं पानी हाय," यानं सांगितलं. फोरमन बूट हातात घेऊन, कमरेपर्यंत भिजून परत आला. मी म्हटलं, राव, जरा जास्त झालं. तर म्हणाला, "न्हाई. मला धा मानसांत बोलला हुता. घाटावर धुनं धुनाऱ्या धाच बाया हुत्या. म्या मोजून घेतलं."

पंच्याला चार टोकं. तीन टोकांच्या गाठी अशा येत जात राहायच्या. चौथ्या टोकाला एक गाठ होती ती मात्र बरेच दिवस हलली नव्हती. ती मास्तरची.

मास्तर म्हणजे गावातल्या बँडचा मालक. स्वतः क्लॅरोनेट वाजवायचा आणि फार चांगला वाजवायचा, हे मला त्याचा राग असूनही कबूल करावं लागतं. माझा मित्र आठ वर्षं त्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होता. बँडमधला तो मोठा ढोल नव्हे, गळ्यात अडकवायचा, दोन काड्यांनी वाजवायचा तो छोटा ड्रम, ज्याच्या खालच्या कातड्याला ताती, म्हणजे ताणलेल्या दोऱ्या, लावलेल्या असतात आणि त्यामुळे तो कडकड कडकड बोलतो. त्या ताती नसतील तर ड्रम कसला, तो डबाच. घरच्यांना त्याचं हे बँडचं खूळ पसंत नव्हतं. शेतकऱ्याच्या पोरानं लोकांच्या वरातीपुढं काय वाजवायचं, असं त्याचा चुलता म्हणायचा. पण मास्तरनं त्याला काडी धरायला शिकवली आणि त्यानं घरच्यांचं ऐकलं नाही.

ती गाठ पडली चिखलीत, एका लग्नात. चिखली त्याची सासुरवाडी. मीही त्याच्याबरोबर जेवायला गेलो होतो. वरात वेशीत आली, माणसं दुतर्फा उभी होती, आणि मास्तरचा स्वर मध्येच चिरकला. एकदा नव्हे, दोनदा. सगळ्यांनी ऐकलं. मास्तरनं बँड थांबवला, सरळ याच्यासमोर आला, याच्या गळ्यातला ड्रमचा पट्टा काढला आणि स्वतःच्या मेहुण्याच्या गळ्यात घातला. आणि चांगला मोठ्यानं म्हणाला, "ह्याच्या गळ्यात ड्रम कशाला? घंटा बांधा."

अख्खी वरात हसली. त्याचा सासरा फेटा बांधून पुढंच उभा होता, तो खाली बघत राहिला. त्याचे मेहुणे हसले. यानं रिकाम्या झालेल्या गळ्याला हात लावला, पंचा काढला आणि भर वरातीत गाठ मारली.

त्यानंतर गावात त्याचं नाव घंटा पडलं. पानाच्या ठेल्यावर, कारखान्याच्या गेटवर, सगळीकडे. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या दिवाळीला माहेरी गेल्या नाहीत. भावांनी बोलावणं पाठवलं होतं, पण बोलावणाऱ्यानंच दारात "घंटेवाले आहेत का घरी" असं विचारलं म्हणे. वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

आता माझंही एक सांगून टाकतो. मी मास्तरच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. पहिल्या वर्षी गावच्या जत्रेत मी तमाशाला पुढं जाऊन बसलो, तर मास्तरनं मला दंडाला धरून उठवलं. "ही जागा गाववाल्यांची हाय. परगावच्यांनी मागं बसायचं." माझ्याकडे पंचा नव्हता, पण गाठ मीही मारून ठेवली होती.

म्हणून पावसाळा सरल्यावर तो मला म्हणाला, "राव, ड्रम घ्यायचाय. सवताचा," तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

त्याचा बेत कळायला आधी एक रीत सांगायला हवी. त्यांच्या बँडमध्ये ड्रमवर नवं कातडं चढवलं की पहिला हात शिकवणाऱ्याचा. मास्तर येणार, कातड्याला कुंकू लावणार, आपल्या काडीनं पहिला ठोका मारणार आणि मगच ड्रम वाजवणाऱ्याच्या गळ्यात जाणार. आठ वर्षांत किती कातडी बदलली असतील, एकाचाही पहिला हात याला मिळाला नव्हता. आता चैत्रातल्या जत्रेत, पालखी मास्तरच्या दारात थांबते तेव्हा, सगळं गाव आणि चिखलीचे पाहुणे उभे असताना, हा स्वतःच्या गळ्यात स्वतःचा नवा ड्रम अडकवून जाणार होता आणि मास्तरच्या देखत पहिला हात आपला आपण मारणार होता. तुला मी गुरू मानत नाही, असं चारचौघांत सांगायची त्या गावात याहून मोठी रीत नव्हती.

"काढून घेतलान् ना गळ्यातनं?" तो म्हणाला. "आता ह्यो काढून दाखव म्हनावं."

पण यात एक अडचण होती आणि ती आम्हाला पहिल्याच दुकानात कळली. पहिला हात जत्रेसाठी राखायचा, म्हणजे ड्रम न वाजवता घ्यायचा.

पुण्यात वाद्यांच्या दुकानात गेलो. मालकानं विचारलं, "कुणासाठी? शिकाऊ पाहिजे का?" हा म्हणाला, शिकाऊच दाखवा, साधा, हलका. मालकानं फळीवरून एक चांगला देखणा ड्रम काढला, धूळ पुसली आणि "ऐका," म्हणत काडीनं टण्णकन वाजवला.

हा दुकानाची पायरी उतरूनसुद्धा गेला. मी मागं धावलो. "उष्टा केलान्," तो म्हणाला.

दुसऱ्या दुकानात आम्ही आत शिरतानाच सांगितलं की वाजवायचा नाही. दुकानदार म्हणाला, ठीक आहे. यानं ड्रम उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरला, हुंगला. अर्धा तास झाल्यावर दुकानदाराला राहवलं नाही, त्यानं नुसती नखानं टिचकी मारली. तोही उष्टा. तिसऱ्यानं आम्हाला उभंच केलं नाही. "वाजवायचा नाही तर घेता कशाला? दळण ठेवायला?" असं म्हणाला आणि त्याच्या नावाची गाठ घेऊन आम्ही परत आलो.

शेवटी मीच सुचवलं की नवा ड्रम नकोच. घेर जुना घेऊ आणि कातडं आपण मढवून घेऊ, म्हणजे कातडं तरी कोरं राहील. खडकीला पलटणीचा जुना माल विकणारा एक जण होता. त्याच्याकडे तुटक्या खाटा, पाण्याच्या बाटल्या आणि चामडी पट्ट्यांच्या ढिगाऱ्यात पाच-सहा ड्रमचे नुसते घेर पडले होते. तिथं मात्र हा खुलला. चाकणच्या बाजारात बैल बघावा तसा त्यानं एकेक घेर बघितला. जमिनीवर गडगडत सोडून द्यायचा, सरळ जातो की वाकडा ते पाहायचा. जो वाकडा गेला त्याचा काठ गोल नाही, बाद. मग काठावरून अंगठा फिरवायचा, कुठं खवला लागला की बाद, कातडं तिथंच फाटणार. गळ्यात अडकवून ढिगाऱ्याभोवती चालायचा, गुडघ्याला लागतो का बघायचा. "वरात चार तास चालती राव. जड ड्रम पयल्या तासाला बरा वाटतो." त्यानं निवडला तो पितळेचा होता, एका बाजूला पोचा आलेला, पण गडगडत सरळ जाणारा.

"पोच्याचं काय?" मी विचारलं.

"पोचा आवाजात ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "माझंबी तसंच हाय."

कातडं मढवायला आम्ही सायकलवरून चऱ्होलीमार्गे आळंदीला गेलो. तिथं पखवाज मढवणारा एक म्हातारा होता. त्यानं आमची अट ऐकली आणि ओली कातडी हातातून खाली ठेवली.

"न वाजवता ताण कसा लावू बाबा? मी काय देव हाय?"

हा त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं सगळं सांगितलं. चिखली, पट्टा, घंटा, सासरा, सगळं. म्हातारा ऐकत ऐकत पान लावत होता. पान तोंडात टाकून म्हणाला, "बाजरी हाय का घरात, गं?" आतून म्हातारीनं मूठभर बाजरी आणून दिली.

कातडं चढवून वाळलं, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. म्हाताऱ्यानं ड्रम पाटावर ठेवला आणि त्यावर बाजरीचे दाणे पसरले. मग हातभर लांब बसून स्वतःचा पखवाज वाजवायला घेतला. इकडे ड्रमला कुणी हातसुद्धा लावला नव्हता, तरी दाणे थरथरायला लागले आणि खालच्या ताती बारीक आवाजात गुणगुणायला लागल्या. एका बाजूचे दाणे नाचत होते, दुसऱ्या बाजूचे नुसते बसून होते. म्हाताऱ्यानं त्या बाजूचा स्क्रू आवळला, पुन्हा वाजवलं, पुन्हा आवळला. दुपार उलटेपर्यंत हे चाललं होतं. शेवटी सगळे दाणे सारखे नाचायला लागले तेव्हा म्हातारा म्हणाला, "घे. बोलायला तयार हाय. बोलला न्हाई अजून."

"उष्टा न्हाई ना झाला?" यानं काळजीनं विचारलं.

"कुनाचा हात लागला का? मग?"

येताना त्यानं ड्रम सायकलला बांधू दिला नाही. गळ्यात अडकवला आणि एका हातानं हँडल धरून, कातड्याला वारा लागू नये म्हणून वर पंचा टाकून, चिंचवडपर्यंत आला.

घरी त्यानं तो खुंटीला टांगला. त्याचं घर आणि मास्तरचं घर पाठीला पाठ लावून होती, मध्ये एकच भिंत. त्या भिंतीलाच खुंटी होती. कारखान्याचा भोंगा वाजला की ड्रमच्या ताती आपोआप गुणगुणायच्या. वहिनी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "उठली बघा सवत." त्या हसायच्या. वर्षभरानं त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं. या जत्रेला चिखलीहून आईलाच बोलावून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलंही होतं.

फाल्गुन लागला. मास्तर आजारी होता. दमा छातीत बसला होता आणि डॉक्टरनं क्लॅरोनेटला हात लावायचा नाही, फुंकलंत तर जिवाशी गाठ आहे, असं बजावलं होतं. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. मला भीती एकच होती, की हा जत्रेपर्यंत उठून दारात बसेल ना.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर मास्तरनं पडवीतल्या खाटेवरून मला हाक मारली.

"त्यानं ड्रम घेतलाय म्हनं."

"घेतलाय."

"अजून हात न्हाई मारला?"

"नाही. जत्रेत मारणार आहे. तुमच्या दारात, तुमच्यासमोर," मी म्हणालो. मी ते चवीनं म्हणालो.

मास्तर हसला. हसता हसता खोकला आणि बराच वेळ खोकत राहिला. मग भिंतीला टेकून म्हणाला, "जत्रंपत्तूर म्या कुठला ऱ्हातोय. त्याला म्हनावं, आत्ता ये. तुझ्याच हातानं मार पयला हात, मला निस्ता ऐकायचाय. आन् म्हनावं, चिखलीला चूक माझी हुती. दम मला लागला हुता. त्याचा हात बराबर हुता."

मी उठलो. मास्तरच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत जायला बोळाला वळसा घालावा लागायचा, पन्नास-साठ पावलं. तेवढ्या पावलांत माझं डोकं भडकलं. अपमान केला भर वरातीत, आणि चूक कबूल करायची पडवीत, एका कारकुनाच्या कानात? हे कुठलं माप? आणि आम्ही खडकी पालथी घातली, आळंदीच्या खेपा केल्या, ते या म्हाताऱ्यानं खाटेवर पडून फुकटात ऐकावं म्हणून? मला जत्रा हवी होती. त्याच्यासाठी हवी होती असं मी तेव्हा समजत होतो. मला दंडाला धरून उठवलं होतं, त्या जागेवर मला उभं राहायचं होतं.

तो नुकताच आंघोळ करून बसला होता. मी म्हणालो, "मास्तर म्हणतोय, आत्ता येऊन वाजवून दाखव. ऐकायचाय त्याला."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"आनिक काय म्हनला?"

"काही नाही."

"काईच न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं पंच्याचं चौथं टोक बोटांत घेतलं. "मग जत्रंला ऐक म्हनावं."

मी परत जाऊन मास्तरला सांगितलं, तो येत नाही. मास्तर खाटेवरून उठला आणि भिंत धरत मागच्या खोलीत गेला. मी पुन्हा मित्राकडे येऊन बसलो. वहिनींनी चहा ठेवला. चहाला उकळी येतेय तोवर भिंतीपलीकडून क्लॅरोनेट सुरू झालं.

ती बँडमधली शिकायची पहिली चाल होती, सावकाश चालणारी. सुरुवातीला याला ड्रम शिकवताना मास्तर हीच वाजवायचा. क्लॅरोनेट तीन फेरे घेतं, थांबतं, आणि ड्रम आत शिरतो. मास्तरनं तीन फेरे घेतले आणि ड्रमच्या जागेवर थांबला. आम्हाला त्याचा श्वास ऐकू येत होता, इतका तो ओढत होता. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागेवर थांबला.

तिसऱ्यांदा क्लॅरोनेट सुरू झालं तेव्हा खुंटीवरचा ड्रम गुणगुणत होता. भोंग्याला गुणगुणायचा तसाच, पण अधिक जवळून. माझा मित्र उठला. मला वाटलं, आता काढतो आणि पळतो. त्यानं ड्रम खुंटीवरून काढला नाही. जवळ गेला आणि दोन्ही तळवे कातड्यावर ठेवून दाबून धरले. रडणाऱ्या पोराचं तोंड दाबावं तसे. ड्रम गप्प झाला. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि ती हलत होती.

पलीकडे मास्तर ड्रमच्या जागेवर तिसऱ्यांदा थांबला. पुढं फक्त खोकला ऐकू आला.

चौथ्या दिवशी मास्तर गेला. यानं खांदा दिला. जत्रा झाली, पण त्या वर्षी बँड वाजला नाही आणि पालखी मास्तरच्या बंद दारापुढून तशीच गेली. चिखलीहून कुणीही आलं नाही. तो घरातच बसून होता, मांडीवर ड्रम घेऊन. मी म्हटलं, वाजव की आता, कुणाची बंदी आहे?

"कुनाच्या म्होरं मारू?" तो म्हणाला.

माझ्या पोटात तेव्हापर्यंत ते मावेनासं झालं होतं. मी त्याला सांगितलं. चूक माझी हुती, दम मला लागला हुता, त्याचा हात बराबर हुता, हे शब्दाला शब्द सांगितलं. तुझ्यासाठी राखलं, असंही म्हणालो, पण ते मलाच खरं वाटलं नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पंचा काढला. चौथ्या टोकाची मास्तरची गाठ वर्षभरात इतकी आवळली होती की नखानं सुटेना. त्यानं ती दातांत धरून सोडवली. टोक मांडीवर ठेवून हातानं सपाट केलं. आणि मग त्याच टोकाला दुसरी गाठ मारली, नीट बसली का ते ओढून बघितली.

"ध्यानात हाय," तो मला म्हणाला. आवाज अगदी नेहमीसारखा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला तंबाखू मळून दिली.

यानंतरची सहा-सात वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. त्यानं कुठली वाट सांगितली की मी दुसऱ्या वाटेनं जायचो. त्याच्या घरच्या दुधात मी आधी बोट घालून बघायचो. माझ्या लग्नात तो आठ दिवस राबला आणि मी आठही दिवस त्याच्यावर नजर ठेवून होतो. पंच्याच्या इतर टोकांना गाठी पडत होत्या आणि सुटत होत्या. माझी तिथंच होती. एकदा मी न राहवून विचारलं, "राव, काय करायचं ते करून टाक ना एकदाचं." तो म्हणाला, "माप सापडत न्हाई अजून."

ड्रम त्यानं कधीच वाजवला नाही, विकला नाही, कुणाला हातही लावू दिला नाही.

एका थंडीत ताप छातीत उतरला आणि तो गेला. दिवस झाल्यावर वहिनी आमच्याकडे आल्या. तेव्हा आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. त्यांच्या हातात पंच्यात बांधलेलं मोठं गाठोडं होतं.

"त्यांनी सांगून ठेवलं हुतं, भावजींना द्या म्हनून," त्या म्हणाल्या. "आन् खालच्या ताती ढिल्या करायच्या न्हाईत, अशाच तानून ठिवायच्या, असं दोनदा बजावलंय."

मी गाठोडं सोडलं. पितळी घेर चकचकीत घासलेला होता. कातडं कोरं होतं, फक्त मधोमध दोन तळव्यांचे फिकट डाग होते. मी ड्रमकडे नंतर बघितलं. आधी पंच्याची चारही टोकं बघितली. चौथ्या टोकाला गाठ नव्हती. ती सोडलेली होती आणि तिथं कापडाला घट्ट सुरकुत्या पडलेल्या होत्या. म्हणजे त्याला माप सापडलं होतं.

मी ड्रम भिंतीला टांगला. आमच्या क्वार्टरपासून भोंगा हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला आणि ड्रमच्या ताती गुणगुणायला लागल्या. बायको म्हणाली, हे काय वाजतंय. मी उठलो आणि दोन्ही तळवे कातड्यावर ठेवले.